घरी न पोचलेल्या चेरी

गेल्या वर्षीच्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा चार दिवस आमच्याकडे साताऱ्याला राहायला आला होता. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होता. आमच्या साऱ्या गोतावळ्यात याच्याइतका गमत्या मुलगा दुसरा नाही. लग्नकार्यात तो आला की बायका हातातली कामे टाकून त्याच्याभोवती जमतात. नकला करील, स्वतःच्याच फजितीच्या गोष्टी रंगवून सांगील, म्हाताऱ्यांना ठसका लागेपर्यंत हसवील. निघताना त्याने माझ्या हातात एक पातळसे इंग्रजी पुस्तक ठेवले. मावशीने तीस वर्षे शाळेत भाषा शिकवली आहे, तेव्हा हे वाचून तिने आपले मत सांगावे, असे म्हणाला. तेही अर्थात एक डोळा मिचकावून.

पुस्तक ओसामू दझाई या जपानी लेखकाचे होते. मूळ नाव ‘निंगेन शिक्काकू’, म्हणजे माणूस म्हणून नापास. १९४८ साली ते जपानीत आले आणि डोनाल्ड कीन यांनी केलेल्या १९५८ च्या इंग्रजी अनुवादातून जगभर गेले. दोन दुपारी मी ते वाचून संपवले आणि खरे सांगायचे तर चिडून बाजूला ठेवले. गोष्ट सांगणारा योझो हा श्रीमंताघरचा मुलगा. रूप आहे, बुद्धी आहे, चित्रकलेचा हात आहे. पण पुस्तकभर सगळे आपले मी, माझी भीती, माझी लाज, माझे दुःख. शिक्षण सोडतो, दारू पितो, आज एकीच्या घरी राहतो, उद्या दुसरीच्या. भोवतीची माणसे मोडून पडतात आणि हा त्यांच्याकडे बघतो तेसुद्धा स्वतःचे दुःख मोजण्यापुरते.

भाच्याचा फोन आला तेव्हा मी शिक्षिकेच्या आवाजात निकाल देऊन टाकला. असल्या नायकाला दोन थोबाडीत द्याव्यात आणि महिनाभर पहाटे उठवून विहिरीचे पाणी ओढायला लावावे, म्हणजे सगळी दुःखे पळतील, असे म्हणाले. तो खो खो हसला. मग पाणी ओढणाऱ्या योझोची त्याने फोनवरच नक्कल करून दाखवली. मीही हसले. विषय तेथे संपला.

दिवाळीत कळले की वर्षभर तो परीक्षेला बसलेलाच नाही. रोज सकाळी दप्तर घेऊन वसतिगृहातून बाहेर पडायचे, दिवसभर कुठल्या तरी बागेत बसायचे आणि संध्याकाळी परत यायचे, असे चालले होते. घरी कोणाला पत्ता नाही. घरच्यांना तो दर रविवारी फोनवर हसवत होता. त्या रात्री मी ते पुस्तक पुन्हा कपाटातून काढले. या वेळी केवळ योझोची गोष्ट वाचली नाही, त्याला लिहिणाऱ्या माणसाचे आयुष्यही मिळेल तेथून वाचत गेले. जे हाती लागले ते आज सांगावेसे वाटते.

दझाई हे टोपणनाव. खरे नाव शुजी त्सुशिमा. जन्म १९ जून १९०९ चा, जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला, आओमोरी प्रांतातल्या कानागी या गावी. थंडीचा, बर्फाचा आणि त्या काळी गरिबीचा मुलूख. पण त्सुशिमा घराणे जमीनदारीवर आणि सावकारीवर गबर झालेले. गावात त्यांचा लाल छपराचा प्रचंड वाडा. तो आजही उभा आहे आणि लेखकाचे स्मारक म्हणून लोक तो पाहायला जातात. अकरा भावंडांत शुजी दहावा. वडील राजकारणात, बहुतेक वेळ टोकियोत. आई आजारी. वाड्यात नोकराचाकरांसह तीसेक माणसे. अशा घरात दहाव्या मुलाकडे कोण बघणार?

त्याला वाढवले ते मावशीने आणि ताके नावाच्या एका मोलकरणीने. शुजी तीन वर्षांचा असताना ही चौदा वर्षांची मुलगी कामाला आली. तिने त्याला वाचायला शिकवले, देवळात नेऊन नरकाची चित्रे दाखवली, खोटे बोलणाऱ्याचे तेथे काय होते ते समजावले. काही वर्षांनी ती लग्न होऊन दूरच्या कोळ्यांच्या गावी गेली. मुलाच्या दृष्टीने ती एके दिवशी घरातून नाहीशी झाली. शुजी चौदा वर्षांचा व्हायच्या आत वडीलही गेले.

शाळेत मुलगा हुशार. पुढे १९२७ मध्ये हिरोसाकीच्या उच्च विद्यालयात गेला. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याचा आवडता लेखक र्युनोसुके अकुतागावा याने आत्महत्या केली आणि या मुलाचे चित्त अभ्यासावरून उडाले. कपडे, गाणे, गेशांची संगत यांत पैसा जाऊ लागला. त्याच सुमारास डाव्या विचारांची ओढ लागली आणि आपण ज्या अन्नावर वाढलो ते कुळांच्या घामाचे आहे ही बोचही लागली. १९२९ च्या डिसेंबरात, परीक्षेच्या तोंडावर, त्याने पहिल्यांदा आपला जीव घेण्याचा प्रयत्न केला.

१९३० मध्ये तो टोकियोच्या विद्यापीठात फ्रेंच साहित्य शिकायला गेला. फ्रेंच येत नव्हते आणि वर्गातही तो फारसा गेला नाही. पदवी मिळाली नाही ती नाहीच. हात्सुयो नावाच्या गेशेशी लग्न करायचे ठरवले म्हणून थोरल्या भावाने घराण्यातून नाव कमी केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत, नोव्हेंबरात, जेमतेम ओळख झालेल्या एका मद्यगृहातल्या मुलीबरोबर तो कामाकुराच्या किनाऱ्यावर मरायला गेला. तो वाचला. मुलगी गेली. तिचे नाव शिमेको तानाबे; तिने विशीही ओलांडली नव्हती. पोलिसांची चौकशी झाली, पण घराण्याचे वजन कामी आले आणि खटला उभा राहिला नाही.

येथे मी वाचताना थांबले. कादंबरीत ही मुलगी त्सुनेको या नावाने येते. योझो तिच्यासाठी रडतो, पण त्या रडण्यातही तिचे घर कोणते, तिच्यामागे कोण होते, हे जाणून घ्यायची त्याला निकड नाही. ती त्याच्या गोष्टीत येते ती त्याच्या पापांच्या यादीतली एक ओळ म्हणून. पहिल्या वाचनात मला चीड आली होती ती याचीच, आणि ती चीड चुकीची होती असे मला आजही वाटत नाही.

पुढची सहा-सात वर्षे उताराची होती. हात्सुयोशी लग्न झाले. १९३२ मध्ये डाव्या चळवळीतून तो बाहेर पडला. १९३५ मध्ये अपेंडिक्सचे दुखणे विकोपाला गेले, वेदनाशामक औषध टोचले गेले आणि त्या औषधाचे व्यसन जडले. त्याच वर्षी अकुतागावाच्या नावाने पहिल्यांदाच पारितोषिक दिले जाणार होते. दझाईचे नाव अंतिम यादीत होते, पण पारितोषिक तात्सुझो इशिकावा यांना मिळाले. परीक्षकांपैकी यासुनारी कावाबाता यांनी दझाईच्या खासगी आयुष्यावर ठपका ठेवला, तेव्हा याने त्यांच्यावर जाहीरपणे आग पाखडली. पुढच्या वर्षी मात्र ते पारितोषिक मिळावे म्हणून त्याच परीक्षकांना गयावया करणारी पत्रे लिहिली. १९३६ च्या ऑक्टोबरात हितचिंतकांनी त्याला मनोरुग्णालयात ठेवले. महिन्याभराने तो सुटला, व्यसन सुटले होते. पण दरम्यान पत्नीचे दुसऱ्याशी संबंध आल्याचे त्याला कळले. १९३७ मध्ये दोघांनी मिळून मरायचा प्रयत्न केला, दोघेही वाचली आणि वेगळी झाली. हात्सुयो १९४४ मध्ये चीनमधल्या चिंगदाओ शहरात वारली.

हे सारे आयुष्य त्याने कादंबऱ्यांत ओतले. जपानमध्ये या प्रकाराला नावच आहे. ‘शिशोसेत्सु’, म्हणजे ‘मी’ची कादंबरी. १९०७ साली कातई तायामा यांनी आपल्या शिष्येविषयीची मध्यमवयीन आसक्ती कादंबरीत उघडी केली, तेव्हापासून ही रीत रुजली. लेखकाने स्वतःचे लाजिरवाणे तेच लिहावे आणि वाचकाने नायक म्हणजेच लेखक असे मानावे, असा तो अलिखित करार. आपल्याकडे १९६३ मध्ये ‘कोसला’ आली तेव्हा पांडुरंग सांगवीकर या मुलाशी कितीतरी वाचकांचे भांडण झाले आणि कितीतरी तरुणांना तो आपलाच वाटला. बापाच्या पैशावर शिकणारा, काही धड न करणारा, सतत स्वतःविषयी बोलणारा हा नायक आवडायचा की नाही, यावर घराघरांत दोन पक्ष पडत. योझोच्या बाबतीत जपानमध्ये तेच झाले.

दझाईच्या विरुद्ध पक्षात मोठमोठी माणसे होती. युकिओ मिशिमा ऐन विशीत त्याला भेटायला गेला आणि तुमचे लेखन मला आवडत नाही, असे तोंडावर सांगून आला. पुढे १९५५ मध्ये त्याने लिहिले की दझाईच्या स्वभावातले निम्मे दोष थंड पाण्याने अंग चोळणे, व्यायाम आणि नियमित दिनक्रम यांनी बरे झाले असते. हे वाचून मला प्रथम बरे वाटले. म्हणजे विहिरीच्या पाण्याचा माझा उपाय अगदीच अडाणी नव्हता. मग आठवले की शरीर कमावलेल्या, शिस्तीच्या त्या मिशिमाने १९७० मध्ये स्वतःच स्वतःचा अंत केला होता. व्यायामाने माणसाच्या आतले कळत नाही, त्यालाही नाही आणि बघणाऱ्यालाही नाही.

म्हणून दुसऱ्या वेळी मी योझोच्या बालपणापाशी सावकाश गेले. पहिल्या वाचनात ती पाने मी भराभर उलटली होती. टोकियोला निघालेले वडील मुलांना एकेक करून विचारतात, काय आणू? उत्तरे वहीत टिपून घेतात. योझोला काय हवे ते सांगताच येत नाही. वडील स्वतःच सुचवतात, सिंहनृत्याचा मुखवटा आणू का? पोर गप्प. थोरला भाऊ म्हणतो, पुस्तक आणा. वडील वही मिटतात, चेहरा पडलेला. त्या रात्री मूल भीतीने झोपत नाही. अंधारात दिवाणखान्यात जाते, वही काढते आणि आपल्या नावाखाली मुखवट्याचे लिहून ठेवते. त्याला तो नकोच असतो. वडिलांना आणायचा आहे, एवढे त्याला कळलेले असते. वडील परत येऊन कौतुकाने ही गोष्ट आईला सांगतात. पोराला मागायला लाज वाटली, असे त्यांना वाटते.

घरातल्या नोकरांनी त्याच्याशी नको ते वर्तन केले, हेही तो दोन वाक्यांत सांगून जातो. आईवडिलांना सांगत नाही. सांगून उपयोग होईल असे त्याला वाटतच नाही. त्याऐवजी तो सगळ्यांना हसवायला शिकतो. शाळेत कवायतीच्या तासाला तो मुद्दाम आडव्या दांडीवरून आपटतो, सगळा वर्ग हसतो. तेवढ्यात वर्गातला सर्वांत मठ्ठ समजला जाणारा मुलगा मागून येऊन हळूच सांगतो की हे तू मुद्दाम केलेस. योझोच्या पायाखालची जमीन सरकते.

तीस वर्षांत माझ्या वर्गात असे किती योझो बसून गेले असतील? शिक्षकांच्या खोलीत आम्ही त्यांना वर्गाची करमणूक म्हणत असू. मागून येऊन हळूच सांगणारा तो मठ्ठ मुलगा माझ्यापेक्षा अधिक चांगला शिक्षक होता.

पण एवढ्यावर थांबून योझोला माफ करून टाकले असते तर तीही एक फसगतच झाली असती. कारण मोठा झालेला योझो खरोखर वाईट वागतो. त्याच्यावर निर्मळ विश्वास टाकून योशिको नावाची तंबाखूच्या दुकानातली मुलगी त्याच्याशी लग्न करते. एका रात्री घरातच तिच्यावर अत्याचार होतो. हा जिन्यातून ते बघतो आणि तिला वाचवायला जाण्याऐवजी पळून जातो. पुढची पाने भरतात ती त्याच्या मोडलेल्या विश्वासाच्या दुःखाने. आणि योशिकोचे काय? ती त्याच्यापुढे भेदरून वागू लागते, एवढेच आपल्याला कळते. बालपणी झालेली जखम खरी आहे, म्हणून या पळून जाण्याचा हिशेब चुकता होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात, हे या पुस्तकाने मला वाचक म्हणून शिकवले.

मग आणखी एक गोष्ट ध्यानात आली, आणि ती दझाईचे आयुष्य वाचल्याशिवाय आली नसती. योझोला दझाईने आपली जवळजवळ सगळी पापे दिली. किनाऱ्यावरचे मरण, औषधाचे व्यसन, वेड्यांचे इस्पितळ, सगळे दिले. दिली नाहीत ती आपल्याला सावरणारी माणसे.

योझोच्या बालपणात ताके नाही. तेथे नोकर आहेत ते छळणारे. योझोला मासुजी इबुसे यांच्यासारखा वडीलधारा लेखक भेटत नाही. खऱ्या आयुष्यात इबुसे यांनी १९३८ मध्ये दझाईला फुजी पर्वतासमोरच्या मिसाका घाटातल्या चहाच्या घरात नेऊन ठेवले आणि लिहायला बसवले. मिचिको इशिहारा या शिक्षिकेचे स्थळ पुढे आले तेव्हा, पुन्हा संसार मोडणार नाही असे दझाईने इबुसे यांना लिहून दिले. जानेवारी १९३९ मध्ये त्यांच्याच घरी लग्न लागले. आणि योझोला मिचिकोही भेटत नाही.

पुढची काही वर्षे दझाई टोकियोजवळच्या मिताका गावी राहिला. याच काळात त्याने उत्तम लिहिले. मित्राला दिलेला शब्द पाळण्यासाठी धावत सुटणाऱ्या मेलोसची १९४० मधली कथा जपानमधली शाळकरी मुले पाठ्यपुस्तकातून वाचत आली आहेत. त्याच वर्षी येशूचा घात करणाऱ्या यहूदाच्या तोंडची एक कथा त्याने सलग, न अडखळता मिचिकोला सांगितली आणि तिने ती लिहून घेतली. युद्धात बॉम्ब पडत असताना त्याने जुन्या परीकथा नव्याने लिहिल्या; त्यात खंदकात बसलेला बाप लहान मुलीला चित्रांचे पुस्तक वाचून दाखवतो. १९४४ मध्ये आपल्या मुलखाचे प्रवासवर्णन लिहिण्यासाठी तो उत्तरेला गेला आणि ताकेला शोधत कोदोमारी या समुद्रकाठच्या गावी पोचला. गावच्या शाळेत खेळांचे सामने चालू होते. त्या गर्दीत तिच्या शेजारी बसल्यावर आयुष्यात प्रथमच मनाला शांतता म्हणजे काय ते कळले, अशा आशयाचे त्याने ‘त्सुगारु’ या पुस्तकात लिहिले आहे.

म्हणजे आपल्यावर कोणी माया केली, हे त्याला ठाऊक होते. चार वर्षांनी योझो लिहिताना त्याने ते गाळले. कबुलीजबाब देणारा माणूस सगळे खरे सांगतो असे आपण धरून चालतो. पाप सांगितले म्हणजे आता लपवायचे काही उरले नाही, असे आपल्याला वाटते. योझोकडे बघून मला कळले की माणूस पापे उघड करूनही मिळालेले प्रेम लपवू शकतो. ते हिशेबात धरले तर मी अगदी एकटा आहे असे म्हणता येत नाही, आणि ज्यांनी प्रेम केले त्यांना काही उत्तरही द्यावे लागते.

दझाई स्वतःही ते उत्तर देऊ शकला नाही. युद्ध संपले, जमीनदारी गेली, जुने जग कोसळले. १९४७ मध्ये ‘शायो’, म्हणजे मावळता सूर्य, ही त्याची कादंबरी आली आणि तो देशभर गाजला. उतरती कळा लागलेल्या खानदानी लोकांना जपानी भाषेत या पुस्तकावरूनच नाव पडले. कादंबरीसाठी त्याने शिझुको ओता या स्त्रीची रोजनिशी वापरली होती. तिला त्याच्यापासून मुलगी झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये मिचिकोलाही तिसरे मूल झाले होते. मधल्या मुलाला जन्मतः व्यंग होते. क्षयाने शरीर पोखरले होते, दारू चालूच होती, आणि तोमिए यामाझाकी ही युद्धात नवरा गमावलेली तरुण केशभूषाकार त्याच्या शेवटच्या काळात सोबतीला होती. १३ जून १९४८ च्या रात्री दोघे घरातून गेली. मिताकाच्या कालव्यात त्यांचे देह सापडले ते १९ जूनला. तो दिवस दझाईचा एकोणचाळिसावा वाढदिवस. योझोची गोष्ट तेव्हा मासिकातून क्रमशः छापून येत होती. शेवटचा भाग वाचकांनी वाचला तेव्हा लेखक हयात नव्हता.

यात काही सुंदर आहे असे कोणी सांगू लागले तर मला ते पटत नाही. त्या मृत्यूभोवती जपानमध्ये पुष्कळ धुके उभे राहिले, पण त्याच्या मागे राहिलेल्या छत्तीस वर्षांच्या बाईला दुसऱ्या दिवशी तीन मुलांना जेवायला घालायचे होते. मिचिको यांनी मुले वाढवली आणि तीस वर्षांनी, १९७८ मध्ये, नवऱ्याच्या आठवणींचे पुस्तक लिहिले. शांत, नेमके, जेथे नवऱ्याने गोष्टीसाठी वस्तुस्थिती बदलली तेथे तसे नोंदवणारे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’पासून सुनीताबाई देशपांड्यांच्या १९९० मधल्या ‘आहे मनोहर तरी’पर्यंत वाचत आलेल्या आपल्या घरांना हे नवे नाही. मोठ्या लेखकाची गोष्ट त्याच्या बायकोने सांगितली की खोलीतला दुसरा दिवा लागतो.

मार्च १९४७ मध्ये जन्मलेली ती धाकटी मुलगी पुढे युको त्सुशिमा या नावाने जपानची फार मोठी लेखिका झाली. बाप गेला तेव्हा ती एक वर्षाची होती. तिनेही स्वतःच्या आयुष्यातून लिहिले, ‘मी’ म्हणून लिहिले. नवऱ्यापासून वेगळी होऊन लहान मुलीला एकटीने वाढवणाऱ्या आईची तिची कादंबरी मी नंतर मिळवून वाचली. तीही आई चुकते, चिडते, उशिरा उठते, कधी कधी वाचकाला आवडत नाही. पण तिच्या गोष्टीत मूल सतत खोलीत असते, रडत असते, काही तरी मागत असते आणि आईला ते ऐकू येत असते. २०१६ मध्ये युको वारल्या. शिझुको ओता यांची मुलगी हारुको यादेखील लेखिकाच झाल्या.

योझोच्या पुस्तकाचा शेवट योझोच्या हातचा नाही. त्याच्या वह्या मिळालेला एक दुसराच लेखक शेवटी येतो, आणि एका मद्यगृहाची मालकीण त्याला सांगते की आम्हाला ठाऊक असलेला योझो फार चांगला, देवासारखा मुलगा होता. ज्याने शेकडो परिच्छेदांत स्वतःला माणसातून नापास ठरवले, त्याच्याविषयी बाहेरच्या कोणाचे तरी हे मत. मालकीण खरी की योझो खरा, हे दझाई सांगत नाही. मला वाटते दोघांनाही अर्धेच दिसले. पण हे पान त्याने लिहिले, यावरून योझोपेक्षा दझाईला अधिक दिसत होते हे नक्की. पहिल्या वेळी मी या पानापर्यंत पोचले तोवर पुस्तक मिटायच्या घाईत होते.

मृत्यूच्या थोडे आधी, १९४८ मध्येच, दझाईने ‘चेरी’ नावाची छोटी कथा लिहिली. एक लेखक बाप घरात बायकोशी कुरबुर होते म्हणून उठून दारूच्या गुत्त्यात जातो. तेथे त्याच्यापुढे बशीत चेरी येतात. घरी मुलांना अशी महागाची फळे कधी मिळत नाहीत, त्यांनी ती पाहिलेलीही नसतील, घरी नेली तर केवढी हरखतील, असे त्याच्या मनात येते. आणि तो तेथेच बसून एकेक चेरी बेचव वाटत असल्यासारखी खातो, बिया थुंकतो. तेवढीच कथा. दरवर्षी १९ जूनला मिताकाच्या झेनरिनजी देवळात दझाईचे वाचक जमतात. या स्मृतिदिनाला त्या कथेवरून चेरीचेच नाव आहे. लोक त्याच्या थडग्यावर चेरी ठेवतात. तेथे तरुण मुलामुलींची गर्दी असते म्हणे, आणि का असते ते मला आता थोडे समजते. मात्र मला ती फळे बघून घरी वाट पाहणारी तीन मुले आठवतील.

भाच्याविषयी सांगायचे राहिले. दिवाळीनंतर मी त्याच्याकडे गेले आणि पहिल्यांदा माझ्या फोनवरच्या निकालाची माफी मागितली. त्याने नेहमीप्रमाणे नक्कल सुरू केली. मी हसले नाही. थोड्या वेळाने तोही थांबला. मग तो बराच वेळ बोलला. मी अधेमधे फक्त चहा केला. पुस्तक त्याने का दिले होते ते मी विचारले नाही आणि त्याने सांगितले नाही. एवढे मात्र मी त्याला म्हणाले की योझोच्या यादीत ताके नव्हती, तुझ्या यादीत आम्ही आहोत का ते एकदा बघ. आणि नसलो तर ती चूक एकट्या तुझी नाही. त्याच्या आईवडिलांना सगळे सांगितले. समुपदेशकाकडे जाणे सुरू झाले. राहिलेले वर्ष तो आता पुन्हा करतो आहे. सगळे सुरळीत झाले असे म्हणणार नाही. मध्येच गप्प होतो. पण गप्प झाला की आता तो गप्प दिसतो.

या मे महिन्यात तो पुन्हा आला होता. जाताना मी त्याच्याबरोबर घरच्यांसाठी करवंदांचा द्रोण बांधून दिला. संध्याकाळी बहिणीचा फोन आला. द्रोण पोचला होता. निम्मी करवंदे वाटेत संपली होती, पण निम्मी पोचली होती.